प्रोटीनच्या कामात साखरेची लुडबुड

किस्से कसे साठत जातात याचं मला नेहमी नवल वाटतं. आम्ही लॅबवाले तशी मुकी माणसं. दिवसभर हातात पिपेट, तोंडावर मास्क, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की पाचव्या मिनिटाला झोप. पण डबा खायला बसलो आणि कोणी म्हणालं, "यार, ते त्या दिवशीचं आठवतं?" की झालं! भाजी थंड होते, पोळ्या वाळतात, पण किस्सा अर्धा टाकून कोणी उठत नाही. कामाची नोंद कॉम्प्युटरमध्ये जाते. बाकी सगळं आमच्या पोटात राहतं, डब्याबरोबर.

आमची लॅब दिल्लीजवळ, मानेसरच्या अलीकडे, लस बनवणाऱ्या एका कंपनीत. माझं काम लसीतलं प्रोटीन मोजायचं. जन्म करोल बागेतला, तेव्हा माझ्या मराठीत हिंदीची भेसळ सापडेल, ती चालवून घ्या. आईला माझी नोकरी अजून कळलेली नाही. ती एवढंच म्हणते, "दिवसभर जगाचं प्रोटीन मोजतेस, स्वतःच्या डब्यात जरा डाळ घालत जा!"

मोजायची रीत ऐकायला सोपी आहे. नमुन्यात रसायन घालायचं. प्रोटीन असलं की निळा रंग येतो. जितकं निळं, तितकं प्रोटीन. पण लसीत प्रोटीन एकटं कधीच नसतं. लस टिकावी म्हणून त्यात साखर घातलेली असते, ग्लायसिन असतं, कुठे साबणाच्या जातीचं काहीतरी असतं. आणि ही मंडळी स्वतः प्रोटीन नसूनही निळी होतात! विचारलंय कोणाला, बोलतंय कोण!

आमचे लॅबप्रमुख मल्होत्रा सर पक्के पंजाबी. नवीन माणूस आला की त्याला ते हे प्रकरण एका दमात समजावतात. "देखो बेटा, शादी में दूल्हा एक ही होता है. पर हर फोटो में फूफाजी! प्रोटीन दूल्हा है, साखर फूफाजी. हमारा काम है फूफाजी को हटाकर दूल्हे का वज़न करना."

"और सर, फूफाजी नाराज़ हो गए तो?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. फूफाजी म्हणजे आत्याचे यजमान, आणि इकडच्या लग्नांत रुसायचा मान त्यांचाच.

"तो समझो तुमने मेथड सही चलाई!"

* * *

रितू दहिया नवीन आली तेव्हाची गोष्ट. रितू हरियाणातल्या रोहतकची. कॉलेजात कबड्डी खेळलेली, चालली की शेल्फवरच्या बाटल्या किणकिणायच्या. पहिल्याच आठवड्यात तिला सरांनी दोन बाटल्या दिल्या. एकीत आमची नवी लस. दुसरीत साखर, ग्लायसिन, मीठ, सगळं तेच, फक्त लस नाही. याला आम्ही प्लासिबो म्हणतो. त्यात प्रोटीन असायचं कारणच नाही.

दुपारी रितू धावत आली. "सर, प्लासिबो में भी प्रोटीन निकला! लगभग उतना ही!"

सरांनी चष्मा वर केला, ट्यूब उजेडात धरली. सुंदर निळी, पावसाळ्यानंतरच्या आभाळासारखी.

"चलो, फिर फैक्टरी बंद करो," सर म्हणाले. "वैक्सीन बनाने का झंझट ही ख़त्म. यही बेचते हैं!"

सगळे हसले. सुधीर वानखेडे मात्र हसला नाही, कारण त्या दोन्ही बाटल्या त्याच्या होत्या.

सुधीर यवतमाळ जिल्ह्यातला. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात वीज गेली की लसीच्या फ्रिजकडे सगळे देवाकडे बघावं तसे बघत, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. म्हणून आमच्या जुन्या लसीत त्याने साखरेचं आणि ग्लायसिनचं नवं प्रमाण बसवलं. लस उन्हाळ्यात जास्त टिकायला लागली. पण नियम असा की एका डोसात प्रोटीन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चालत नाही. आणि जुन्या रीतीने मोजलं की सुधीरच्या लसीचा आकडा मर्यादेच्या वर!

सुधीर म्हणत होता, वरचा आकडा साखर आणि ग्लायसिनचा आहे, प्रोटीनचा नाही. व्यवस्थापन म्हणत होतं, प्लासिबो निळी झाली एवढ्याने भागत नाही, खरं प्रोटीन वेगळं मोजून सिद्ध कर. मार्चमध्ये बाहेरचे तज्ज्ञ तपासायला येणार होते. त्यांना पटलं तर नवी लस पुढे. नाही पटलं तर जुनाच फॉर्म्युला, आणि सुधीरची बदली हिमाचलच्या प्लांटवर.

आता बदली म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. पण सुधीरची बायको प्रज्ञा अभ्यास करून करून नुकतीच दिल्लीत सरकारी नोकरीला लागली होती. नागपूरच्या माहेरी त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले होते. दिल्लीतच मुनिरक्यात दोन खोल्यांचं घर, मुलगी जवळच्या शाळेत. हिमाचल म्हटलं की संसाराचे दोन तुकडे.

म्हणून ती निळी ट्यूब बघून सुधीर हसला नाही. मला त्याची फार दया आली. पण दया दाखवली की तो चिडतो, म्हणून मी त्याला माझी मिरचीची भाजी दिली.

* * *

फूफाजींना बाहेर काढायची युक्ती जुनीच आहे. दूध नासवून पनीर करतात ना, तसंच. नमुन्यात आम्ल घालायचं. प्रोटीन फाटतं, गरगर फिरवलं की ट्यूबच्या तळाशी बसतं. साखर, ग्लायसिन वरच्या पाण्यात राहतात. ते पाणी ओतून टाकायचं, तळचं प्रोटीन अ‍ॅसिटोनने धुवायचं, मग विरघळवून मोजायचं. सुधीर महिनोन् महिने हे आपल्या लसीसाठी बसवत होता. मल्होत्रा सर त्याला "पनीर मेथड" म्हणत.

अडचण एकच. आमचं पनीर मोहरीच्या दाण्याच्या फोलाएवढं! कधी तर तेवढंही नाही, काचेवर नुसता धुरकट ठिपका. पाणी ओतताना ठिपका कोणत्या बाजूला आहे ते कळलं नाही तर तोही पाण्याबरोबर बेसिनमध्ये. मग मोजा शून्य! त्यामुळे ट्यूब यंत्रात ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करायची. ठिपका त्या खुणेच्या मागेच बसतो.

पण अ‍ॅसिटोन मार्करची शाई पुसून टाकतो. नखावरचं पॉलिश काढणारा तो, शाईला काय दाद देणार! रितूने टेप लावली, ती सुटली. सुधीरने काचेवर ओरखडे काढले, सर ओरडले.

शेवटी मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. करोल बागेतल्या मखमली टिकल्या. घाम येवो, ऊन लागो, नणंदेचं लग्न असो, पडत नाहीत. एकेका ट्यूबला एकेक टिकली लावली. यंत्रातून फिरून, अ‍ॅसिटोनने धुऊन बाहेर आल्या तेव्हा सगळ्या ट्यूब हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या दिसत होत्या, आणि एकही टिकली हलली नव्हती!

पुढच्या अंतर्गत तपासणीत ऑडिटरसाहेब वाकून बघत राहिले. "यह क्या है?"

"सर, ओरिएंटेशन मार्क," रितू अगदी सरळ तोंडाने म्हणाली.

साहेब गंभीर झाले. मंजूर मालाच्या यादीत नसलेली वस्तू लॅबमध्ये चालत नाही, म्हणाले. झालं, टिकलीचा रीतसर अर्ज गेला. दोन दिवसांनी परचेसमधून फोन. "मॅडम, सादी या स्टोन वाली?"

अर्ज मंजूर होईपर्यंत सुधीर स्वतःच टिकल्या आणायचा. एकदा त्याने दुकानात सगळा डबाच मागितला. दुकानदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "भाईसाहब, घर में कितनी औरतें हैं?"

"औरत एकच आहे," सुधीर घाईत अर्धं मराठीत बोलून गेला, "पर ट्यूब बहुत हैं!"

* * *

मल्होत्रा सरांचा मुलगा जिमला जातो. त्याचा प्रोटीन पावडरचा डबा घरातल्या पिंपाएवढा. सरांना त्या डब्याचा राग. एक दिवस चमचाभर पावडर पुडीत बांधून घेऊन आले आणि सरावाच्या टेबलावर ठेवली. "ज़रा देखो तो."

रितूने जुन्या रीतीने मोजलं. आकडा झकास! सरांचा चेहरा पडला. मुलगा खरं बोलत होता की काय!

"सर, धोकर भी देखूँ?" सुधीर म्हणाला.

पनीर मेथडने मोजलं, तर आकडा धप्पकन खाली. निम्म्याहून जास्त निळेपणा ग्लायसिनचा आणि साखरेचा. ती पावडर कोणत्या नावाची होती हे सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी ते सुधीरकडे बघून असे खूश झाले, जणू त्यानेच मुलगा सुधारून दिला!

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "सर, घर पे क्या बताया?"

"बता दिया," सर म्हणाले. "बेटा, इसमें प्रोटीन कम है, श्रद्धा ज़्यादा है."

"मग?"

"मग क्या. बोला, पापा, श्रद्धा से ही तो बॉडी बनती है!"

* * *

दिल्लीचा जानेवारी ज्याने काढला नाही त्याला थंडी म्हणजे काय ते सांगून उपयोग नाही. सकाळी धुक्यात बस अशी रांगते की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून चालवतो. त्या दिवसांत लॅबमधला हीटर बिघडला होता. आम्ही कोटाखाली दोन दोन स्वेटर घालून, बोटांवर फुंकर मारत पिपेट धरायचो. रितू म्हणायची, "मॅडम, मेरा हाथ तो ख़ुद ही काँपता है, मिक्सर की ज़रूरत नहीं."

एका सकाळी सुधीर ओरडला. आनंदाने! तळचं प्रोटीन विरघळवताना आम्ही त्यात साबणाच्या जातीचं एक द्रावण घालतो. ते घातल्यावर त्याच्या ट्यूबमध्ये पांढराशुभ्र, कापसासारखा जाड थर बसला होता. इतके दिवस ज्या ठिपक्यासाठी डोळे फोडून बघत होतो, त्याच्या जागी हा ऐवज!

"नीलिमाताई, बघा! बघा तरी!" तो मला ओढतच घेऊन गेला. गळ्यात प्रज्ञाने विणलेला जांभळा मफलर, नाक लाल, डोळ्यांत पाणी. "सगळं प्रोटीन धरलं गेलं! एक कण सुटला नाही!"

मला खरं सांगवेना. एवढं प्रोटीन त्या नमुन्यातच काय, आमच्या दोघांच्या डब्यांतही नव्हतं. तेवढ्यात मल्होत्रा सर आले. त्यांनी काही न बोलता ट्यूब उचलली, मुठीत धरली, मूठ कोटाच्या खिशात घातली आणि इकडचं तिकडचं बोलत उभे राहिले. मेथीचे पराठे, मेट्रोची गर्दी, सूनबाईचा कुत्रा. मग खिशातून ट्यूब काढली. पांढरा थर गायब! पाण्यासारखं स्वच्छ!

थंडीने साबणाचं द्रावणच गोठलं होतं.

सुधीर मफलरमध्ये तोंड लपवून म्हणाला, "दिल्लीत साबणालाही स्वेटर लागतो हो!"

पण माणूस हट्टी. त्याच दिवशी त्याने मेथडमध्ये एक वाक्य घातलं, की ते द्रावण वापरण्याआधी कोमट करून घ्यावे. सरांनी खाली स्वतःच्या हाताने सुधारणा केली, "कोटाच्या खिशात नव्हे."

* * *

फेब्रुवारीत रितूच्या मावसबहिणीचं लग्न निघालं, पानिपतला. रितूने सगळ्या लॅबला आमंत्रण दिलं. पानिपतला घोंगड्या, रजया, चादरी स्वस्त मिळतात, लग्नाला लग्न आणि खरेदीला खरेदी. सगळे तयार. तारीख मार्चमधल्या तज्ज्ञांच्या रिव्ह्यूच्या बरोबर आठवडाभर आधीची.

सुधीर म्हणाला, "मी येणार नाही."

"क्यों?"

"एवढ्या मोठ्या कामाच्या तोंडावर मराठी माणूस पानिपतला जात नाही!"

रितूला काही कळेना. मग मी तिला समजावलं की आमच्याकडे एखादं काम पार धुळीला मिळालं की "पानिपत झालं" म्हणतात. अडीचशे वर्षं झाली, दुखणं गेलेलं नाही.

रितूला राग आला. "मेरी मौसी का घर है वहाँ! आप लोग मेरी मौसी के शहर को गाली की तरह बोलते हो?"

मल्होत्रा सर मध्ये पडले. "वानखेड़े, वो लड़ाई थी, यह शादी है. शादी में सिर्फ दूल्हा हारता है!"

पण सुधीर ढिम्म. आम्ही गेलो, नाचलो, रजया घेतल्या. तो लॅबमध्ये ट्यूब फिरवत बसला. खरं तर पानिपत हा बहाणा होता. त्या दिवसांत त्याला लग्नात हसणं जमलं नसतं. प्रज्ञाने घरात विषय काढायचं बंद केलं होतं, आणि न काढलेला विषय दोन खोल्यांत फार जागा खातो. हे त्याने मला नंतर सांगितलं.

सोमवारी रितू आली ती एक लाल रजई आणि लाडवांचा भलामोठा डबा घेऊन. दोन्ही सुधीरच्या टेबलावर आदळले.

"मौसी को सब बताया," ती म्हणाली. "मौसी बोली, उस मराठे लड़के को देना और कहना, डरे नहीं. पिछली बार बेचारे भूखे लड़े थे. इस बार रसद मौसी की तरफ़ से!"

सुधीर लाडू हातात धरून बसला. मग एकदम इतका हसला, इतका हसला, की ठसका लागून मला त्याची पाठ थोपटावी लागली. महिन्याभरात पहिल्यांदा हसत होता.

* * *

आता रिव्ह्यूचा दिवस. हा किस्सा आम्ही नव्या माणसाला लगेच सांगत नाही, जरा मुरला की सांगतो.

बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून माथुर मॅडम आल्या. सत्तरीच्या, सुती साडी, पायांत धावायचे बूट, बोलणं जेवढ्यास तेवढं. मल्होत्रा सरांनी मोठं प्रेझेंटेशन बनवलं होतं. पहिली स्लाइड लागली तशा मॅडम म्हणाल्या, "ये मैं घर जाकर देख लूँगी." आणि पर्समधून तीन छोट्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. नाव नाही, नुसते आकडे. एक, दोन, तीन.

"इनमें प्रोटीन कितना है बताइए. पुराने तरीक़े से भी, धोकर भी. सैंपल एक ही बार का है."

मी, सुधीर आणि रितू आत गेलो. मॅडम काचेबाहेर खुर्ची टाकून बसल्या.

जुन्या रीतीने तिन्ही निळ्या. तिसरी तर सगळ्यांत गडद. मग पनीर मेथड. आम्ल घातलं, यंत्र फिरलं, ट्यूब बाहेर काढल्या. पहिलीत टिकलीमागे पांढरा ठिपका. दुसरीत ठिपका. तिसरीत काही नाही.

सुधीरने ट्यूब उजेडात धरली. वाकडी करून बघितली. मी बघितली. रितूने बघितली. काही नाही! त्याने वरचं पाणी सावकाश ओतलं. धुऊन मोजलं, आकडा आला शून्य.

आता हे शून्य दोन तऱ्हांनी येतं. एक, आत प्रोटीन नव्हतंच. दोन, प्रोटीन होतं आणि ठिपका आमच्या हातून बेसिनमध्ये गेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही शून्यं सारखीच. आणि जुन्या रीतीने सगळ्यांत निळी झालेली हीच ट्यूब! नमुना संपलेला, पुन्हा करायची सोय नाही.

सरांनी सुधीरला कोपऱ्यात घेतलं. "वानखेड़े, मेरी बात मान. लिख दे कि सैंपल ख़राब हो गया. दूसरा माँग लेंगे, थोड़ा टाइम मिल जाएगा." सुधीरवर त्यांचा मुलासारखा जीव.

सुधीर म्हणाला, "सर, ओतताना माझी नजर ट्यूबवरच होती. काही गेलं नाही. काही नव्हतंच."

"और अगर था तो?"

सुधीरने आकड्यांचा कागद उचलला. हिमाचलचा रस्ता आम्हा सगळ्यांनाच दिसत होता.

मीटिंगच्या खोलीत तो मॅडमसमोर उभा राहिला. पहिलीचा आकडा सांगितला, दुसरीचा सांगितला. "तीसरी में शून्य."

मॅडमनी मान वर केली. "सीधे में सबसे नीली, और धोकर शून्य?"

"जी."

"पक्का?"

"पक्का, मॅडम."

"कहीं बह तो नहीं गया?"

"बह गया होता," सुधीर म्हणाला, "तो मैं कहता, बह गया."

मल्होत्रा सर छताकडे बघत होते. रितूने माझा हात इतका दाबला की कबड्डीची पकड काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडम सावकाश पाणी प्याल्या. "तीसरी में चीनी है," त्या म्हणाल्या, "आप ही वाली ग्लाइसिन है, और मेरे घर का बर्तन धोने वाला साबुन है. प्रोटीन रत्ती भर नहीं. पिछली जगह ले गई थी, तो उन्होंने इसमें इतना प्रोटीन निकाला, इतना निकाला, कि मैंने सोचा बर्तन क्या धोना, पोतों को ही पिला दूँ!"

रितूने माझा हात सोडला.

"मेथड ठीक है," मॅडम म्हणाल्या. "आपकी वैक्सीन भी ठीक है. मैं यही लिखूँगी."

मल्होत्रा सरांनी सुधीरला मिठी मारली ती सोडेचनात. रितू रडत होती आणि रडत नसल्याचं सगळ्यांना सांगत होती. माझंही काही वेगळं नव्हतं. सुधीरने कसाबसा स्वतःला सोडवून घेतला आणि तिथेच, मॅडमच्या देखत, प्रज्ञाला फोन लावला. घाईत कुठेतरी बोट लागलं आणि स्पीकर सुरू झाला.

"प्रज्ञा! शून्य आलं! शून्य!" एवढंच म्हणाला, आणि रडायलाच लागला.

पलीकडून प्रज्ञाचा आवाज आला, अगदी सावरलेला.

"असू द्या हो. रडू नका बघू. मी ठरवूनच ठेवलंय. मी नोकरी सोडते, आपण सगळे हिमाचलला जाऊ. शाळा काय, तिकडेही असतात."

सुधीर जोरजोरात नाही नाही अशी मान हलवायला लागला, पण फोनवर मान कुठे दिसते! माथुर मॅडमनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी हळूच त्यांच्या कानात सांगितलं ती काय म्हणतेय ते.

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि सुधीरच्या हातातल्या फोनवर वाकल्या.

"बेटा, नौकरी मत छोड़ना."

"आप... आप कौन?" प्रज्ञाने विचारलं.

"मैं?" माथुर मॅडम म्हणाल्या. "मैं साबुनवाली."